‘रन’ धावतो कमी, चालतो जास्त

‘रन म्हणजे धावणे’ हे आपण इतक्या लहानपणी घोकतो, की पुढे हा शब्द कुठेही दिसला तरी डोक्यात आधी पाय हलायला लागतात. मग ‘शी रन्स अ स्कूल’ वाचताना अडखळायला होतं. ‘माय नोज इज रनिंग’, ‘द लीज रन्स टिल मार्च’, ‘द कलर्स रॅन’, ‘कुड यू रन इट बाय मी?’ यांतल्या एकाही वाक्यात कोणी धावत नाही. रोजच्या इंग्रजीत, विशेषतः कचेरीच्या आणि बातम्यांच्या इंग्रजीत, ‘रन’ पायांशिवायच जास्त भेटतो.

या शब्दाचा पसारा किती, याचा अंदाज ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीवरून येतो. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, जवळजवळ ६०,००० शब्दांची. त्यात नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला घेतल्यावर २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने हा मान हिसकावला. ‘रन’च्या क्रियापदाचे तिथे ६४५ अर्थ आहेत आणि ती एक नोंद लावायला पीटर गिलिव्हर या कोशकारांना नऊ महिने लागले.

६४५ आकड्याने घाबरू नका. कोशकार केसाएवढी छटाही वेगळी मोजतो. वापरणाऱ्याला पाच-सहा मुळं धरता आली की बाकीचं झाड आपोआप ओळखू येतं.

पहिलं मूळ शब्दाच्या इतिहासातच आहे. जुन्या इंग्रजीत ‘रिनन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ ‘धावणे’ जितका, तितकाच ‘वाहणे’. जर्मनमध्ये त्याच घराण्यातली दोन क्रियापदं आजही वेगवेगळी नांदतात: ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे ओघळणे, झिरपणे. इंग्रजीत दोन्ही प्रवाह एका ‘रन’मध्ये मिसळले. म्हणजे नळाचं पाणी ‘रन’ होतं हे काही कवीने लढवलेलं रूपक नाही, तो अर्थ पळणाऱ्या माणसाइतकाच जुना आहे. ‘न थांबता पुढे जात राहणे’ ही कल्पना मनात धरली, की पाणी, यंत्र, दुकान, रस्ता आणि करार हे सगळे ‘रन’ का होतात ते कळतं.

मराठीनेही हाच रस्ता धरला, फक्त वेगळ्या क्रियापदावरून. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, सभा रात्रीपर्यंत चालते, नाटकाचे प्रयोग चालतात. इंग्रजीने पळणाऱ्या क्रियापदाला जे काम दिलं, ते आपण चालणाऱ्याला दिलं. म्हणून माझा पहिला नियम असा: वाक्यात पाय नसतील तर ‘धावणे’ बाजूला ठेवा आणि आधी ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ लावून बघा. नाही बसलं तर ‘वाहणे’. तेही नाही बसलं तर ‘जाणे’. निम्म्याहून जास्त वाक्यं इथेच सुटतात.

चालणे आणि चालवणे

मराठीत चालणारं आणि चालवणारं यांच्यासाठी क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीत बदलत नाही. ‘द मशीन रन्स ऑल नाइट’ म्हणजे यंत्र रात्रभर चालतं आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती यंत्र चालवते. फरक फक्त क्रियापदामागे कर्म आहे की नाही, एवढ्याचा. त्यामुळे ‘रन’ दिसला की लगेच पुढचा शब्द पाहायची सवय लावावी. पुढे नाम आलं तर ‘चालवणे’च्या बाजूने विचार करा. ‘रन अ कंपनी’, ‘रन अ कोर्स’, ‘रन अ कॅम्पेन’, ‘रन अ टेस्ट’, ‘रन अ प्रोग्रॅम’ ही सगळी त्याच घरातली. वर्तमानपत्र ‘रन्स अ स्टोरी’, म्हणजे बातमी छापतं.

‘रन’ आणि ‘मॅनेज’ यांची अदलाबदल सरसकट होत नाही. ‘शी मॅनेजेस अ शॉप’ म्हटलं की ती तिथे व्यवस्थापक आहे, वर मालक दुसरा कोणी असावा, असं ऐकू येतं. ‘शी रन्स अ शॉप’ म्हटलं की सूत्रं तिच्या हातात आहेत एवढंच कळतं, मालकी तिची आहे की नाही हे वाक्य सांगत नाही. आपलं ‘दुकान चालवते’ नेमकं असंच आहे. अर्जात किंवा परिचयपत्रात पद सांगायचं असेल तर ‘मॅनेज’, जबाबदारीचा आवाका सांगायचा असेल तर ‘रन’.

आता खड्डा. मराठीत गाडी, सायकल, विमान, होडी सगळंच ‘चालवतात’. इंग्रजीत गाडी ‘ड्राइव्ह’ करतात, सायकल ‘राइड’ करतात, विमान ‘फ्लाय’ करतात. ‘आय रन अ कार’ हे वाक्य चुकीचं नाही, पण अर्थ भलताच आहे: मी गाडी बाळगतो, तिचं इंधन, विमा, दुरुस्ती यांचा खर्च उचलतो. ‘आय कान्ट अफोर्ड टू रन अ कार’ म्हणणाऱ्याला गाडी उत्तम चालवता येत असेल, त्याला ती परवडत नाही इतकंच. आणि कोणी ‘आय विल रन यू टू द स्टेशन’ म्हणालं तर घाबरू नये. तो तुम्हाला पळवणार नाही, गाडीतून स्टेशनवर सोडणार आहे.

बससेवेचं मात्र जमतं. ड्रायव्हर बस ‘ड्राइव्ह’ करतो, कंपनी बस ‘रन’ करते आणि बस ‘रन्स एव्हरी ट्वेंटी मिनिट्स’.

उलट दिशेने एक गोष्ट लक्षात ठेवायची. ‘चालेल’ या आपल्या लाडक्या होकाराला ‘रन’शी काही देणंघेणं नाही. तिथे ‘दॅट विल डू’ किंवा ‘दॅट्स फाइन’.

पाण्याचं घराणं

‘रन द टॅप’ म्हणजे नळ सोडणे. ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडून तो भरणे. इथे कर्म पाणी नसून स्वतः ‘बाथ’ आहे, हे आपल्या कानाला विचित्र लागतं. ‘रनिंग वॉटर’चे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही नेहमीचे: ओढ्याचं वाहतं पाणी, आणि घरात नळाने येणारं पाणी. ‘द हाउस हॅज नो रनिंग वॉटर’ म्हणजे घरात नळाची सोय नाही, एवढंच. जवळपास नदी आहे की नाही याचा इथे संबंध नाही.

नाक ‘रन’ होतं म्हणजे गळतं, त्यावरून ‘रनी नोज’. पण सर्दीला ‘रन’ लावता येत नाही, ‘रनिंग अ कोल्ड’ हे इंग्रजी नव्हे. सर्दी ‘हॅव’ करायची. ताप मात्र ‘रन’ होतो: ‘शी इज रनिंग अ टेम्परेचर’ किंवा ‘अ फीवर’. अनेकवचनात ‘द रन्स’ म्हटलं की जुलाब. हा शब्द घरगुती आहे, आजारपणाच्या रजेच्या अर्जात लिहायचा नाही.

कपड्यांच्या बाबतीत एक फरक शिकून ठेवण्यासारखा आहे. मराठीत ‘रंग गेला’ म्हटलं की दोन्ही गोष्टी त्यात येतात: उन्हाने रंग विटला तरी गेला, आणि धुताना पाण्यात उतरून शेजारच्या पांढऱ्या कपड्याला लागला तरी गेला. इंग्रजीत पहिला ‘फेड’ आणि दुसरा ‘रन’. दुकानदाराकडे तक्रार करताना ‘द कलर फेडेड’ लिहिलंत तर तो म्हणेल, जुना झाला असेल. ‘द कलर रॅन अँड रुइन्ड माय व्हाइट शर्ट’ लिहा. भिंतीला जाड हाताने दिलेला रंग ओघळला तर तोही ‘रॅन’, आणि त्या ओघळाला नाम म्हणूनही ‘रन’च. बायकांच्या पातळ मोज्याला एक धागा सुटून उभी चीर पडते तिला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’.

जाणारे रस्ते आणि ‘-इंग’चा मोह

‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर.’ रस्ता नदीकाठाने जातो. मराठीतही रस्ता जागचा न हलता जातोच, त्यामुळे अर्थ कळायला त्रास नाही. चूक होते ती काळात. ‘जात आहे’ची सवय असल्याने ‘द रोड इज रनिंग अलाँग द रिव्हर’ असं पटकन लिहिलं जातं. रस्ता, भिंत, तार, सीमा, जखमेचा व्रण या स्थिर गोष्टींसाठी नेहमी साधा वर्तमानकाळ. रस्ता आत्तापुरता नदीकाठाने जात नाही.

बसच्या बाबतीत मात्र दोन्ही काळ लागतात आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘द बसेस रन ऑन संडेज’ हे वेळापत्रक. ‘द बसेस आर नॉट रनिंग टुडे’ ही आजची अडचण.

‘लांबी’ आणि ‘मुदत’ हे याच फांदीचे फुटवे. चित्रपट ‘रन्स फॉर टू अवर्स’. अहवाल ‘रन्स टू थ्री हंड्रेड पेजेस’, इथे ‘टू’ हवाच. ‘द कॉन्ट्रॅक्ट हॅज टू यिअर्स टू रन’ म्हणजे कराराची दोन वर्षं अजून बाकी आहेत. हे वाक्य वाचून ‘करार दोन वर्षं चालला’ असं भाषांतर झालेलं दिसतं, आणि ते अगदी उलट आहे. एखादा गुण किंवा आजार ‘रन्स इन द फॅमिली’ म्हणजे घराण्यात चालत आला आहे. इथे आपलं ‘चालत येणे’ शब्दाला शब्द बसतं. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे लागोपाठ तीन दिवस. यातला ‘रनिंग’ मुदतीच्या मागे येतो, पुढे आणला तर वाक्य मोडतं.

कमी, अपुरं, संपलं

‘रन’पुढे विशेषण आलं की तो ‘होणे’ किंवा ‘पडणे’ या कामाला लागतो. विहीर ‘रन्स ड्राय’, आटते. मुलं ‘रन वाइल्ड’, मोकाट सुटतात. भावना ‘रन हाय’, वातावरण तापतं. उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’. ‘आय रन लेट’ म्हटलं तर नेहमीच उशीर करतो असा कबुलीजबाब होईल.

यातली तिघं भावंडं नीट ओळखायला हवीत: ‘लो’, ‘शॉर्ट’ आणि ‘आउट’. कागदाचे पन्नास ताव होते, दहा उरले: ‘वी आर रनिंग लो ऑन पेपर’. अजून काम अडलेलं नाही, पण मागवायला हवेत. आज वीस लागणार आणि दहाच आहेत: ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ पेपर’. शेवटचा तावही गेला: ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’. मागची अव्ययं पाहा: ‘लो’ला ‘ऑन’, ‘शॉर्ट’ला ‘ऑफ’, ‘आउट’ला ‘ऑफ’.

‘रन आउट’ची रचना तर मराठी माणसाला हमखास फसवते, कारण आपण ‘आमचा कागद संपला’ असं म्हणतो आणि कर्ता कागद असतो. इंग्रजीत दोन वाटा आहेत. कर्ता वस्तू असेल तर ‘ऑफ’ नको: ‘द पेपर हॅज रन आउट’. कर्ता माणूस असेल तर ‘ऑफ’ हवाच: ‘वी हॅव रन आउट ऑफ पेपर’. ‘द पेपर हॅज रन आउट ऑफ’ हे दोन्हींची खिचडी आहे. वेळेचंही तसंच: ‘टाइम इज रनिंग आउट’ किंवा ‘वी आर रनिंग आउट ऑफ टाइम’. परवान्याची मुदत संपली तर परवाना ‘रॅन आउट’. आणि ‘ही रॅन आउट ऑन हर’ म्हणजे तिला वाऱ्यावर सोडून गेला. एका ‘ऑन’ने प्रकरण स्वयंपाकघरातून कौटुंबिक न्यायालयात जातं.

क्रिकेटमधला ‘रन आउट’ या सगळ्याबाहेरचा आहे. तिथे वाक्य कर्मणी असतं: ‘ही वॉज रन आउट’. ‘ही रॅन आउट’ म्हटलं तर तो पळत बाहेर गेला.

छोट्या शब्दांची मोठी करामत

‘रन’ला अव्यय जोडून झालेल्या जोड्यांत सर्वांत उपयोगी कोणती, तर माझ्या मते ‘रन इट बाय मी’. आपलं ‘कानावर घालणे’ त्याच्याइतकं जवळ दुसरं काही नाही. परवानगी मागणं नाही, आदेश देणं नाही, नुसतं पुढे करून बघायचं. ‘बिफोर यू सेंड द ड्राफ्ट, रन इट बाय हर.’ क्रम पक्का आहे: गोष्ट ‘रन’नंतर, माणूस ‘बाय’नंतर. ‘रन हर बाय इट’ केलं की अर्थच उरत नाही. ‘बाय’च्या जागी ‘पास्ट’ही चालतं.

पुढच्या अर्थांत ‘रन इन्टू’ तुटत नाही, म्हणजे दोन शब्दांमध्ये तिसरा येत नाही. ‘आय रॅन इन्टू हिम’ म्हणजे अचानक गाठ पडली. गाडीने भिंतीला धडक दिली तरी ‘रॅन इन्टू द वॉल’, अडचण आली तरी ‘रॅन इन्टू ट्रबल’, खर्च लाखांच्या घरात गेला तरी ‘रन्स इन्टू लॅक्स’. नेमका अर्थ पुढचं नाम ठरवतं. मित्राचं नाव असेल आणि वाक्यात गाडीही असेल, तर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तिथे सरळ ‘मेट’ लिहावं. ‘रन अक्रॉस’ही अचानक भेटण्याला चालतं, शिवाय जुनं पत्र, पुस्तक अशा वस्तू हाती लागल्या तरी.

‘रन ओव्हर’ गाडीखाली चिरडण्यासाठी येतं आणि कर्मणीत फार वापरतात: ‘द डॉग वॉज रन ओव्हर’. सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबली तरी ती ‘रॅन ओव्हर’. आकड्यांवरून एकदा नजर फिरवायची तरी ‘रन ओव्हर द फिगर्स’.

‘रन थ्रू’ त्यापेक्षा सविस्तर आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा जाणे. नाटकाच्या तालमीला नाम म्हणून ‘रन-थ्रू’.

‘रन अप’मध्ये वरची दिशा टिकून आहे. झेंडा ‘रन अप’ करतात, म्हणजे चढवतात. बिल किंवा कर्ज ‘रन अप’ करतात, म्हणजे चढू देतात. आपल्याकडेही कर्ज चढतंच. ‘शी रॅन अप अ ड्रेस’ म्हणजे तिने झटपट एक पोशाख शिवून टाकला. हा वापर जरा जुना झाला, पण कथा-कादंबऱ्यांत भेटतो. ‘रन अप अगेन्स्ट’ म्हणजे अडथळ्याला आडवं सापडणं.

‘रन डाउन’ सगळ्यांत गुंतागुंतीचा. गाडीने पाडलं तर ‘रन डाउन’. पाठीमागे निंदा केली तर ‘रन डाउन’. बॅटरी उतरली तर ‘रन डाउन’. कारखाना हळूहळू बंद करत आणला तर ‘रन डाउन’. शोधून शोधून शेवटी माणूस किंवा माहिती हाती आली तरी ‘रन डाउन’. विशेषण झालं की ‘रन-डाउन’: माणसाबद्दल असेल तर थकलेला, अशक्त, इमारतीबद्दल असेल तर मोडकळीला आलेली. नाम झालं की ‘द रनडाउन’, म्हणजे मुद्द्यांचा थोडक्यात आढावा, आणि त्यात वाईट काही नाही. ‘गिव्ह मी अ रनडाउन’ असं वरिष्ठांनी म्हटलं की थोडक्यात सांगा.

बोलताना आघात बदलतो, तोही ऐकून ठेवावा. क्रियापद असेल तर जोर अव्ययावर: रन ‘डाउन’, रन ‘थ्रू’. नाम असेल तर जोर ‘रन’वर. ‘रनर-अप’चं अनेकवचन ‘रनर्स-अप’, कारण उपविजेते अनेक असतात, ‘अप’ अनेक नसतात.

‘रन ऑफ’चा कचेरीतला अर्थ म्हणजे प्रती काढणे: ‘रन ऑफ टेन कॉपीज’. बाहेरचा अर्थ पळून जाणे. ‘ही रॅन ऑफ विथ द कॉपीज’ हे तिसरंच, त्यात चोरी आहे.

रॅन की रन

तीन रूपं: ‘रन’, ‘रॅन’, ‘रन’. पहिलं आणि तिसरं सारखं, ‘कम, केम, कम’सारखं. तरी ‘हॅज रॅन’ ही चूक फार होते, आणि इंग्रजी मातृभाषा असलेलेही ती बोलताना करतात. कारण शोधायला लांब जायला नको. ‘सिंग, सँग, संग’, ‘स्विम, स्वॅम, स्वम’, ‘बिगिन, बिगॅन, बिगन’ या शेजाऱ्यांत तिन्ही रूपं वेगळी आहेत, त्यामुळे ‘रन’चंही तिसरं रूप काहीतरी वेगळं असावं असं वाटत राहतं. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ किंवा ‘वॉज’ मागे असेल तर ‘रन’च. ‘द स्कूल वॉज रन बाय अ ट्रस्ट’, ‘द मिल्क हॅज रन आउट’. आणि ‘रनिंग’, ‘रनर’, ‘रनी’ या तिन्हींत एन दोनदा.

वाक्प्रचार: काही खोल, काही उथळ

‘रन द गॉन्टलेट’ची कथा मला फार आवडते. ‘गॉन्टलेट’ म्हणजे चिलखतातला हातमोजा. मग हातमोजा कसा पळवायचा? मूळ शब्द हातमोज्याचा नाहीच. सैन्यातल्या एका शिक्षेत दोन रांगा समोरासमोर उभ्या करत, मधल्या गल्लीतून गुन्हेगाराला पळायला लावत आणि दोन्हीकडून काठ्या किंवा दोर बसत. या गल्लीतल्या पळण्याला स्वीडिश भाषेत ‘गाटलोप’ म्हणत, ‘गाटा’ म्हणजे गल्ली आणि ‘लोप’ म्हणजे धाव. सतराव्या शतकात तो शब्द इंग्रजीत ‘गँटलोप’ म्हणून आला आणि कानाला ओळखीच्या ‘गॉन्टलेट’मध्ये विरून गेला. आज पत्रकारांच्या प्रश्नांच्या फैरीतून नेता निघाला, की ‘ही रॅन द गॉन्टलेट’. ‘थ्रो डाउन द गॉन्टलेट’ म्हणजे आव्हान देणे, आणि तिथला हातमोजा खराखुरा आहे. दोन्ही एकाच अर्थाने वापरू नयेत.

‘रन अमॉक’मधला ‘अमॉक’ मलय भाषेतून आला, बेभान होऊन मारत सुटण्यासाठीचा शब्द. आता मुलांच्या दंग्यालाही वापरतात, पण खऱ्या हिंसेच्या बातमीत तो हलकेपणाने घालू नये.

‘रन-ऑफ-द-मिल’ म्हणजे गिरणीतून निघाला तसाच, प्रतवारी न केलेला माल. त्यावरून सर्वसाधारण, चारचौघांसारखा. ‘रन आउट ऑफ स्टीम’ वाफेच्या इंजिनातून आलं: दम संपला. ‘कट अँड रन’ जहाजावरून आलं: नांगर ओढायला वेळ नसेल तर दोरच कापायचा आणि वाऱ्याबरोबर निघायचं. आज त्यात भित्रेपणाचा ठपका आहे, नुसत्या माघारीसाठी तो वापरू नये. ‘गिव्ह समवन अ रन फॉर देअर मनी’ घोड्यांच्या शर्यतीतून आला. प्रतिस्पर्ध्याला सहजासहजी जिंकू न देणे, एवढाच आज त्याचा अर्थ, पैशाचा संबंध नाही. अमेरिकी निवडणुकीतला ‘रनिंग मेट’, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार उमेदवार, हाही शर्यतीच्याच तबेल्यातला.

निवडणुकीवरून आठवलं: अमेरिकेत उमेदवार ‘रन्स फॉर ऑफिस’, ब्रिटनमध्ये ‘स्टँड्स फॉर पार्लमेंट’. एके ठिकाणी धावतात, दुसरीकडे उभे राहतात. मराठीत आपण ब्रिटिशांसारखे निवडणुकीला उभे राहतो. सिग्नलचंही तसंच, अमेरिकेत ‘रन अ रेड लाइट’, ब्रिटनमध्ये ‘जंप द लाइट्स’.

‘गिव्ह समवन द रनअराउंड’ला मराठीत जोड शोधायलाच नको. आज साहेब नाहीत, उद्या या, त्या खिडकीवर विचारा. हेलपाटे घालायला लावणे, झुलवत ठेवणे. ‘रन अराउंड’ वेगळं लिहिलं तर नुसती धावपळ, तीही स्वतःच्या कामाची.

‘स्टिल वॉटर्स रन डीप’ आणि ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ एकाच निरीक्षणाच्या दोन बाजू आहेत, पण अदलाबदल करताना जपून. इंग्रजी म्हण शांत माणसाबद्दल बोलते, मराठी म्हण बडबड्याबद्दल. शांत माणसाच्या कौतुकाला मराठी म्हण लावली तर ते शेजारच्याला टोमणा मारल्यासारखं होतं. ‘रन विथ द हेअर अँड हंट विथ द हाउंड्स’, सशाबरोबर पळायचं आणि कुत्र्यांबरोबर शिकारही करायची, हे मात्र ‘दोन्ही डगरींवर हात’च्या अगदी जवळ आहे, फक्त इंग्रजीत लबाडीचा रंग जास्त गडद.

‘ड्राय रन’ला ‘रंगीत तालीम’ म्हणू नये. रंगीत तालमीत वेशभूषा, प्रकाश, सगळं खरं असतं. ‘ड्राय रन’मध्ये खरा दारूगोळा, खरा माल किंवा खरे पैसे नसतात, फक्त पायऱ्या तपासायच्या असतात.

मराठीत आलेला ‘रन’

संगणकाबरोबर हा शब्द मराठीत आला तेव्हा आपण त्याची एक दुरुस्ती करून घेतली. इंग्रजीत ‘द प्रोग्रॅम रन्स’ आणि ‘आय रन द प्रोग्रॅम’ यांत क्रियापद तेच. मराठीत ‘प्रोग्रॅम रन होतो’ आणि ‘मी प्रोग्रॅम रन करतो’. ‘होणे’ आणि ‘करणे’ जोडून आपण चालणे-चालवणेचा फरक परत आणला. अडचण येते ती हीच वाक्यं परत इंग्रजीत नेताना. ‘प्रोग्रॅम रन होत नाही’ डोक्यात असल्यामुळे ‘द प्रोग्रॅम इज नॉट गेटिंग रन’ असं लिहिलं जातं. ते व्याकरणात बसतं, पण त्याचा अर्थ कोणीतरी तो चालवायचा राहून जातोय, असा होतो. यंत्राचीच तक्रार असेल तर ‘द प्रोग्रॅम वोन्ट रन’.

‘रनिंग ट्रेनमधून उतरू नका’ यातला ‘रनिंग’ही आपलाच. बाहेर ‘रनिंग ट्रेन’ म्हटलं तर आज सेवेत असलेली गाडी असा अर्थ लागू शकतो. धावत्या गाडीला ‘मूव्हिंग ट्रेन’ म्हणतात. गंमत म्हणजे मराठीत ‘धावती गाडी’ अगदी बरोबर, आणि तिथेच ‘रन’ चुकतो.